२५ कोटी वर्षांपूर्वीची गाळणी आणि समुद्री लिलीचे एक घराणे

जगातल्या समुद्रांत आज क्रिनॉइडांच्या ६०० हून अधिक प्रजाती जिवंत आहेत. खडकांतून नोंदवलेल्या क्रिनॉइड प्रजातींचा आकडा ६ हजारांच्या पुढे गेला आहे. पहिला आकडा दुसऱ्याच्या १० टक्क्यांच्या आसपास येतो. त्यावरून या प्राण्यांना उतरती कळा लागली, असे मात्र म्हणता येत नाही, कारण ६ हजार ही ४८ कोटी वर्षांची बेरीज आहे आणि ६०० ही आजच्या एका दिवसाची शिरगणती. बोलका आकडा वेगळाच आहे. जिवंत प्रजातींपैकी १०० टक्के प्रजाती आर्टिक्युलाटा या एकाच उपवर्गात मोडतात. कॅमेराटा, फ्लेक्सिबिलिया, डिस्पॅरिडा हे गट पुराजीव महाकल्पात समुद्राचा तळ व्यापून होते. त्यांची आजची शिल्लक शून्य आहे.

क्रिनॉइड हा प्राणी आहे. तारामासा आणि समुद्री अर्चिन ज्या कंटकचर्मी संघातले, त्याच संघातला. तळाला रोवलेला दांडा, त्यावर पेला आणि पेल्याभोवती पाण्यातले अन्नकण टिपणारे बाहू, अशी त्याची रचना. दांडा असलेल्यांना समुद्री लिली म्हणतात. वाढत्या वयात दांडा टाकून मोकळे होणारे ते फेदर स्टार. सांगाडा कॅल्साइटच्या असंख्य सुट्या तुकड्यांचा असतो. प्राणी मेला की त्यांना बांधून ठेवणारे ऊतक कुजते आणि काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, सांगाडा विखुरतो. म्हणून अख्खी समुद्री लिली दुर्मीळ आणि दांड्याच्या गोल चकत्या मुबलक. या चकत्या दिसायला नाण्यांसारख्या. जर्मनीत लोक त्यांना संत बोनिफेसची नाणी म्हणत, तर इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये संत कथबर्टचे मणी. एका दांड्यात शेकडो चकत्या असू शकतात. त्यामुळे चकत्यांचा ढीग पाहून प्राण्यांची संख्या ठरवता येत नाही, आणि क्रिनॉइडांविषयीचा प्रत्येक आकडा ही अट लक्षात ठेवूनच वाचावा लागतो.

क्रिनॉइडांचे निर्विवाद जीवाश्म सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या, ऑर्डोव्हिशियन काळाच्या आरंभीच्या खडकांत मिळतात. कॅनडातील बर्जेस शेलमधला ५०.८ कोटी वर्षांपूर्वीचा एक्माटोक्रायनस १९७३ मध्ये सर्वांत जुना क्रिनॉइड म्हणून पुढे आला. तो मानला तर आरंभ जवळपास ३ कोटी वर्षांनी मागे जातो. १९९८ मध्ये ऑसिच आणि बॅबकॉक यांनी तो प्रवाळांचा नातेवाईक असल्याचे मांडले, आणि तेव्हापासून त्याला या हिशेबात धरणारे कमी झाले. पुढे ३५.९ ते ३२.३ कोटी वर्षांपूर्वीच्या मिसिसिपियन काळात क्रिनॉइडांच्या विविधतेने शिखर गाठले. अमेरिकेच्या आयोवा आणि मिसुरी राज्यांतला बर्लिंग्टन चुनखडक बव्हंशी त्यांच्या सांगाड्यांच्या चुऱ्याचा आहे.

मग २५.१९ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळ संपला. चीनमधील मैशान येथील राखेच्या थरांच्या कालमापनावरून त्या वेळचा सामूहिक विनाश सुमारे ६० हजार वर्षांत उरकला, आणि या अंदाजातली अनिश्चितता अधिक-उणे ४८ हजार वर्षांची आहे. ४८ कोटींच्या इतिहासात ६० हजार वर्षे म्हणजे ०.०१२५ टक्के. योगायोग असा, की ही सीमा क्रिनॉइडांच्या इतिहासाला जवळपास मधोमध कापते. तिच्या अलीकडे २५.२ कोटी वर्षे आहेत आणि पलीकडे सुमारे २२.८ कोटी.

या विनाशात समुद्रातले किती जीव गेले, याचे एकच उत्तर नाही. डेव्हिड रॉप यांनी १९७९ मध्ये सागरी प्रजातींच्या नाशाची कमाल मर्यादा ९६ टक्के काढली. स्टीव्हन स्टॅन्ली यांनी २०१६ मध्ये तोच आकडा ८१ टक्क्यांवर आणला, कारण त्यांनी नेहमीच्या गतीने होणारी नामशेषता आणि पर्मियनच्या अखेरीआधीचा वेगळा विनाश बाजूला काढला. फरक १५ टक्क्यांचा दिसतो. वाचलेल्यांच्या बाजूने पाहिले तर तो जवळपास पाचपट आहे, कारण एका हिशेबात शंभरातल्या ४ प्रजाती वाचतात आणि दुसऱ्यात १९. क्रिनॉइडांची झाडाझडती मात्र दोन्ही सरासरींपेक्षा कठोर ठरली. त्यांच्यातले उपवर्गच्या उपवर्ग गेले.

वाचले किती, हा या विषयातला मध्यवर्ती प्रश्न आहे. ग्रेग राऊज आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जिवंत क्रिनॉइडांच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला. आजच्या सर्व क्रिनॉइडांचा शेवटचा समान पूर्वज त्यांना २३.१ ते २५.२ कोटी वर्षांच्या दरम्यान सापडला. या पट्ट्याचे जुने टोक विनाशाच्या सीमेला टेकते आणि नवे टोक उत्तर ट्रायासिकमध्ये येते. अर्थ असा, की अनेक घराणी वाचून पुढे समांतर वाढली असे नसून एक लहान घराणे गाळणीतून पार झाले आणि आजचा सगळा विस्तार त्याचा आहे.

खडकांची साक्ष याला थोडी मुरड घालते. बराच काळ होलोक्रायनस हा पुराजीव महाकल्पानंतरचा पहिला क्रिनॉइड मानला जात होता. २०१५ मध्ये तात्सुओ ओजी आणि रिचर्ड ट्विचेट यांनी ओमानमधील वादी वासित येथून बाउडिक्रायनस क्रिस्टिनी ही प्रजाती नोंदवली. ती ट्रायासिकच्या पहिल्याच टप्प्यातली, म्हणजे इंडुअन काळातली आहे आणि विनाशानंतर २० लाख वर्षांच्या आतली. होलोक्रायनस आणि बाउडिक्रायनस एकमेकांपासून निराळे असतील, तर त्यांचा फाटा त्याआधीच फुटलेला असणार. म्हणून आर्टिक्युलाटाचे मूळ पर्मियन काळात शोधावे लागते, असे ओजी आणि ट्विचेट यांचे म्हणणे आहे. सिम्स आणि सेव्हास्टोपुलो यांनी १९९३ मध्ये हे मूळ क्लॅडिड या जुन्या क्रिनॉइड गटातल्या अँपेलोक्रिनिड कुलाजवळ नेले होते. बाउडिक्रायनसने त्या तर्काला बळ दिले.

ओमानचे ठिकाण लक्षात घेण्यासारखे आहे. ट्रायासिकच्या आरंभी बहुतेक समुद्रतळांवर प्राणवायू तुटपुंजा होता. वादी वासितचा खडक मात्र निओटेथिस समुद्रातल्या प्राणवायूयुक्त उथळ पाण्यात साचला, आणि तिथे ट्विचेट व सहकाऱ्यांना २००४ मध्ये त्या काळाच्या मानाने समृद्ध जीवसृष्टी आढळली. जीव सावरायला लाखो वर्षे लागली ती सगळीकडे सारखी नव्हती. जिथे पाण्यात प्राणवायू होता तिथे क्रिनॉइड लवकर दिसतात.

दुसरा पुरावा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला आहे. पॅरिस बायोटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या जीवाश्मांत किमान ७ संघ आणि २० गण मोजले गेले, आणि २०१९ मध्ये त्यांतून एक नवा होलोक्रिनिड, म्हणजे होलोक्रायनसच्या कुलातला क्रिनॉइड, नोंदवला गेला. इथेच आकड्यांची एक अडचण आहे. २०१७ च्या मूळ शोधनिबंधात हे जीव विनाशानंतर १३ लाख वर्षांनीचे सांगितले होते. नंतरच्या कालमापनात ट्रायासिकच्या आरंभीच्या टप्प्यांच्या सीमा सरकल्या आणि हे अंतर २० लाख वर्षांहून अधिक झाले. जीवाश्म तेच, थर तोच. ‘झपाट्याने सावरले’ या विधानाची धार मात्र घड्याळ बदलल्याने बोथट झाली. क्रिनॉइडांच्या बाबतीत ओमानचा पुरावा असल्याने मूळ मुद्दा टिकतो.

प्रसाराचा पहिला मोठा टप्पा मध्य ट्रायासिकचा, विनाशानंतर सुमारे ५० लाख वर्षांनी सुरू होणारा. चीनच्या ग्वेजो प्रांतातील छिंगयानपासून आल्प्सपर्यंत आणि पोलंडच्या सायलेशियापासून जर्मनीपर्यंत, म्हणजे टेथिस समुद्राच्या दोन टोकांच्या खडकांत, एकाच काळात आर्टिक्युलाटा दिसू लागतात. यांतले एन्क्रिनिड कुल सर्वांत ठळक. एन्क्रायनस लिलिफॉर्मिस या प्रजातीला लामार्क यांनी १८०१ मध्ये नाव दिले, पण हे जीवाश्म त्याआधी अडीच शतके, १५४६ पासून, आग्रिकोलाच्या लिखाणामुळे युरोपात माहीत होते. १० बाहू, ते मिटले की कळीसारखा दिसणारा मुकुट, गोल दांडा आणि खाली कठीण तळाला चिकटलेले बूड. जर्मनीतल्या मुशेलकाल्क खडकात याच्या चकत्यांचे जाडजूड थर आहेत आणि त्या थरांना चकत्यांचा चुनखडक असेच नाव पडले.

मुशेलकाल्क समुद्र टेथिसला जोडलेला एक बंदिस्त दरियाच होता. बाहेरच्या जीवांना आत यायला तीन वाटा होत्या. त्यांतल्या कार्पेथियन आणि सायलेशिया-मोराविया या दोन पूर्वेला आणि बर्गंडीची तिसरी पश्चिमेला. मुशेलकाल्कच्या आरंभी क्रिनॉइड पूर्वेच्या वाटांनी आले. त्या अडल्या आणि पश्चिमेची उघडली, तशी वरच्या थरांतली जीवसृष्टी बदलली. कंटकचर्मींना पाण्याच्या खारटपणातला फेरफार सोसत नाही. त्यामुळे चकत्यांचा थर सापडला की त्या ठिकाणी त्या वेळी खऱ्या समुद्राइतके खारे पाणी होते, असे धरता येते. चकत्या संपल्या की वाट बंद झाली, किंवा पाणी बदलले. हान्स हाग्डोर्न यांनी क्राइल्सहाइम परिसरात दाखवले की शिंपल्यांनी सिमेंटसारखे बांधलेल्या उंचवट्यांवर एन्क्रायनस पिढ्यान्‌पिढ्या वाढत होते. चिखलाच्या तळावर रोवायला जागा नसते, म्हणून एकाच्या अवशेषांवर दुसरा उभा राहिला. जागेला असे बांधलेले राहणे ही या कुलाची ताकद होती आणि पुढे तीच नड ठरली.

होलोक्रायनसचा बेत निराळा होता. बाउमिलर आणि हाग्डोर्न यांनी १९९५ मध्ये त्याच्या दांड्याचे तुटलेले तुकडे तपासले. दांडा कुठेही मोडत नव्हता, ठरावीक सांध्यांवरच मोडत होता. म्हणजे दांडा सोडून देण्याची सोय शरीरातच होती. खालचा भाग टाकायचा, उरलेल्या दांड्यावरच्या हुकांसारख्या उपांगांनी दुसरीकडे धरायचे आणि पुन्हा उभे राहायचे. माझ्या मते आर्टिक्युलाटाच्या पुढच्या सगळ्या आकड्यांचे स्पष्टीकरण या सांध्यात आहे.

जागेला बांधलेल्यांना फटका बसला तो २३.४ ते २३.२ कोटी वर्षांच्या दरम्यान, कार्नियन काळातल्या पर्जन्यपर्वात. त्या काळात सुमारे ३३ टक्के सागरी वंश (जीनस) संपले, असा २०२० चा अंदाज आहे. या पर्वाकडे प्रथम लक्ष वेधले ते १९८९ मध्ये मायकेल सिम्स आणि अलास्टेअर रफेल यांनी, आणि सिम्स यांच्या हातातला धागा क्रिनॉइडांच्या नामशेषतेचा होता. रफेल यांच्याकडे त्याच सुमाराला हवामान ओले झाल्याच्या खडकांतल्या खुणा होत्या. दोन याद्या शेजारी ठेवल्यावर तारखा जुळल्या. ट्रायासिक संपेपर्यंत एन्क्रिनिड कुल संपले. त्याची एकूण कारकीर्द ५ कोटी वर्षांच्या आतली.

त्याच एन्क्रिनिडांपैकी एका वंशाने तळ सोडण्याचा वेगळा मार्ग काढला होता. ग्वेजो प्रांतातल्या ग्वानलिंग येथील ट्रॉमाटोक्रायनस वाहत्या ओंडक्यांना चिकटून पाण्यात खाली लोंबत असे. त्याचे दांडे ११ मीटरहून लांब मिळाले आहेत. सुमारे ५ कोटी वर्षांनी, जुरासिकमध्ये, एका वेगळ्या कुलाने हीच युक्ती पुन्हा केली. जर्मनीतील होल्त्समाडेनच्या हाउफ संग्रहालयातली सेइरोक्रायनसची शिळा सुमारे १०० चौरस मीटरची आहे. तिच्यात १२ मीटरचा ओंडका आहे आणि त्याला लगडलेली अख्खी वसाहत. ती शिळा साफ करायला १८ वर्षे लागली. आरन हंटर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या तराफ्याचे गणित मांडले. पाणी शोषून आणि वाढत्या वसाहतीच्या भाराने बुडण्याआधी असा ओंडका १५ वर्षांहून अधिक, कदाचित २० वर्षे तरंगू शकतो, असे उत्तर आले. पूर्ण वाढलेल्या प्राण्यांची वसाहत तयार व्हायला हा काळ पुरतो.

तराफ्याने प्रसार किती होतो, हे नकाशा सांगतो. सेइरोक्रायनस जर्मनीत, इंग्लंडमध्ये, उत्तर अमेरिकेत मिळतो आणि २०११ मध्ये तो पश्चिम जपानच्या तोयोरा खडकसमूहातूनही नोंदवला गेला. हा गट मध्य जुरासिकनंतर दिसत नाही. त्याच सुमाराला लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांचे जीवाश्म मिळू लागतात. ओंडके २० वर्षे टिकेनासे झाले तर त्यांवर वाढायला १० वर्षे घेणाऱ्या प्राण्याचा हिशेब बसत नाही. कार्यकारण सिद्ध झालेले नसले तरी क्रम जुळतो.

आता आजची विभागणी. ६०० हून अधिक जिवंत प्रजातींपैकी दांडा असलेल्या १०० च्या आसपास आहेत. उरलेल्या ८० टक्क्यांहून अधिक फेदर स्टार आहेत. त्यांच्या गणाचे जुने जीवाश्म जुरासिकच्या आरंभाजवळचे, म्हणजे उपवर्गाच्या ज्ञात आरंभानंतर सुमारे ५ कोटी वर्षांनीचे. उशिरा आलेल्या शाखेने पाचांतले चार हिस्से घेतले.

कारण म्हणून शत्रूंकडे बोट दाखवले जाते. बाउमिलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मध्य ट्रायासिकच्या क्रिनॉइडांवर समुद्री अर्चिनांच्या दातांच्या खुणा दाखवल्या. तळाशी चरणाऱ्या या शिकाऱ्यांचा दबाव मध्यजीव महाकल्पातल्या शिकाऱ्यांच्या सुप्रसिद्ध वाढीच्या बऱ्याच आधीचा ठरला. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात हलू शकणाऱ्या क्रिनॉइडांची विविधता अर्चिनांच्या विविधतेबरोबर वाढताना दिसली. हलणे म्हणजे किती? जुन्या नोंदींत समुद्री लिलीचा वेग ताशी ०.६ मीटर होता. बहामाजवळ ४०० मीटरहून खोल पाण्यात पाणबुडीतून घेतलेल्या चित्रणात निओक्रायनस डेकोरस सेकंदाला ४ सेंटिमीटर सरकताना दिसला. ताशी हिशेब १४४ मीटर, म्हणजे आधीच्या आकड्याच्या २४० पट. आसपास अर्चिन होते, आणि एका समुद्री लिलीच्या दांड्याचा भाग अर्चिनाने खाल्लेलाही आढळला.

दांडा असलेल्यांची पीछेहाट खोलीच्या आकड्यांत दिसते. ट्रायासिकमध्ये समुद्री लिली उथळ पाण्यात होत्या. आज जपानजवळचा मेटाक्रायनस रोटंडस सुमारे १०० मीटरवर मिळतो आणि तो सर्वांत उथळ दांडेवाल्यांपैकी एक. दुसरे टोक इझू-ओगासावारा खंदकात ९ हजार मीटरच्या खाली आहे. हे माघारीचे वेळापत्रक साऱ्या जगात सारखे असावे, असा समज होता. रोवन व्हिटल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो मोडला. उत्तर गोलार्धात दांडेवाल्या समुद्री लिलींचा आयसोक्रिनिड गण क्रिटेशसच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, उथळ पाण्यातून गेला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका यांच्या बाजूला तो इओसीनच्या अखेरीपर्यंत, सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, उथळ पाण्यात टिकला. दोन गोलार्धांतला फरक ३.२ कोटी वर्षांचा. शिकारी सगळीकडे एकाच वेळी पोहोचले नाहीत, एवढे यातून नक्की कळते.

दांडा टाकणे हा यशाचा परवाना होता, असा निष्कर्ष कोणी काढेल, म्हणून एक अपवाद. क्रिटेशसच्या सान्टोनियन टप्प्यातले युइंटाक्रायनस आणि मार्सुपाइट्स बिनदांड्याचे होते. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यापासून युरोप आणि पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत त्यांचा पसारा होता. सान्टोनियन संपताना, सुमारे ८.३६ कोटी वर्षांपूर्वी, तेही संपले. इतका मोठा पसारा आणि इतके अल्प आयुष्य यांमुळे भूवैज्ञानिक त्यांचा वापर थरांचे वय ठरवायला करतात.

हिंदी महासागराचे खातेही रिकामे नाही. इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण जहाजाने गोळा केलेल्या नमुन्यांवर आधारलेला ऑस्टिन क्लार्क यांचा हिंदी महासागरातल्या क्रिनॉइडांवरील ग्रंथ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १९१२ मध्ये काढला. अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांवर फेदर स्टार आजही आहेत.

एक घराणे वाचले की अनेक, या प्रश्नावर माझा कौल एका लहान घराण्याच्या बाजूने आहे, पण त्या घराण्यात सीमा ओलांडतानाच किमान दोन फांद्या असाव्यात. डीएनएचा पट्टा आणि ओमानचा जीवाश्म दोन्ही मान्य करायचे तर हाच हिशेब जुळतो. तो पक्का करायला पर्मियनच्या अखेरचे आणि इंडुअनचे थर चाळावे लागतील, आणि असे सलग थर जगात मोजक्या ठिकाणी उघडे आहेत. त्यांतले एक श्रीनगरजवळ खुनमोह येथे, गुरयुल दरीत आहे. या परिसरात चुनखडीच्या खाणी चालत आल्या आहेत. चुनखडी दुसरीकडेही मिळते. पर्मियन-ट्रायासिक सीमेचा हा छेद खणला गेला तर परत मिळणार नाही. त्याला कायद्याचे पक्के संरक्षण मिळाले पाहिजे, आणि ही मागणी काश्मीरबाहेरच्या वाचकांनीही लावून धरली पाहिजे.